आपला दहा नंबर
(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणक क्षेत्रातील बदलत्या संधी' असा विषय छापला आहे. ज्यांना मुलांच्या करिअरबद्दल विचारायचंय त्यांनी जेवताना माझ्या शेजारी बसावं, मी सगळं सांगेन. आत्ता मात्र मी फुटबॉलवर बोलणार आहे. कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही, असं आपले पी. टी.चे सरच म्हणायचे. सर समोर बसलेत, त्यांनी मान हलवली. झालं तर मग.

नोकरीच्या निमित्तानं २०१७ ते २०२१ मी कोलकात्यात होते. ऑफिस सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये. तिथून भलंमोठं स्टेडियम जवळ, आणि मोठी मॅच असली की संध्याकाळी रस्त्यावर झेंडे लावलेले ट्रक. पहिल्यांदा ते बघितलं आणि माझ्या पोटात कालवलं. म्हटलं, हे तर आपलंच गाव. फक्त इथं पेठा आणि तालमी आहेत, तिथं क्लब.

तिथले मोठे क्लब तीन. मोहन बागान १८८९ चा. १९११ साली अनवाणी पोरांनी गोऱ्या पलटणीला हरवून शील्ड जिंकली, तो हा क्लब. मोहमेडन स्पोर्टिंग १८९१ चा. १९३४ पासून सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकणारा. आणि १९२० चा ईस्ट बंगाल. फाळणीनंतर पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेल्या लोकांना हा क्लब म्हणजे सोबत आणलेलं गावच वाटायचं. ईस्ट बंगाल जिंकला की घरात इलिश मासा, बागान जिंकला की कोळंबी. आपल्याकडं मॅच जिंकली की तांबडा-पांढरा, तसंच.

माझे घरमालक सत्तरी ओलांडलेले, कट्टर ईस्ट बंगालवाले. त्यांना सगळे मेशोमोशाय म्हणायचे, म्हणजे मावशीचे यजमान. रोज संध्याकाळी त्यांच्याकडं एक दोस्त चहाला यायचे, पार्क सर्कसचे, कापड दुकानातून निवृत्त झालेले. ते मोहमेडनचे. दोघं पन्नास वर्षं भांडत होते आणि पन्नास वर्षं एकाच किटलीतला चहा पीत होते.

त्या दोघांच्या बोलण्यात दर दोन दिवसांनी एक नाव यायचं. मजीद बिश्कर.

मजीद इराणचा. १९७८ च्या वर्ल्ड कपच्या इराणी संघात होता. अलीगढ विद्यापीठात शिकायला आला, आणि १९८० मध्ये ईस्ट बंगालनं त्याला आणि त्याचा दोस्त जमशेद नासिरीला कोलकात्याला आणलं. त्या वर्षी ईस्ट बंगालचे अनेक नावाजलेले खेळाडू क्लब सोडून मोहमेडनला गेले होते. समर्थकांची तोंडं उतरलेली. आणि मग हा बारा नंबरचा शर्ट घालून मैदानात उतरला. मेशोमोशाय सांगायचे, 'बॉल त्याच्या पायाला चिकटायचा नाही, पायाचं ऐकायचा.' लोक त्याला बादशहा म्हणू लागले. त्या वर्षी तो संघ आपल्या मुंबईत रोव्हर्स कपला आला, आणि चषक ईस्ट बंगाल आणि मोहमेडन यांना विभागून मिळाला. हे दोघं म्हातारे त्या एका चषकावरून अजून भांडतात, की खरा कुणाचा.

दोन हंगाम झाले आणि १९८२ मध्ये मजीद मोहमेडनला गेला.

आता इथल्या निम्म्या लोकांच्या मनात काय आलं ते मला कळतंय. आपल्याकडं दर हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठं गेला यावरून गल्लीत काय होतं, ते आपण बघितलंय. कोलकात्यातही तेच. खेळाडू फुटू नये म्हणून सही होईपर्यंत त्याला लपवून ठेवायचे. आणि हे वेड नेहमी गमतीचं नसतं. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात समर्थकांत मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली, आणि १६ माणसं मॅच बघायला गेली ती घरी परतली नाहीत.

मजीदचा खेळ पुढं लवकर ओसरला. मैदानाबाहेरचं आयुष्य विस्कटलं. एक दिवस तो इराणला निघून गेला, आणि पुढं कित्येक वर्षं त्याची धड खबर कोलकात्याला नव्हती.

मग २०१९ आलं, ईस्ट बंगालचं शताब्दी वर्ष. क्लबनं मजीदला बोलावलं, आणि तो यायला तयार झाला. ऑगस्टमधल्या एका रात्री मेशोमोशाय दारात येऊन उभे. 'तुझी गाडी आहे ना? विमानतळावर सोडशील? मुलाला सांगितलं तर तो ओरडेल.' खाली त्यांचे मोहमेडनवाले दोस्त आधीच येऊन थांबलेले, इस्त्रीचा शर्ट घालून.

मध्यरात्र उलटून गेलेली. गाडीत दोघांची जुंपली. एक म्हणे तो गोल डाव्या पायानं, दुसरा म्हणे उजव्या. मी आपली गाडी चालवतेय. न राहवून विचारलं, 'तो तुम्हाला सोडून गेला तेव्हा राग नाही आला?'

मेशोमोशाय म्हणाले, 'आला ना. फार आला. भिंतीवरचा त्याचा फोटो त्याच दिवशी काढला.'

मागून दोस्त म्हणाले, 'काढून माझ्याकडं घेऊन आला. म्हणाला, ने तुझा मजीद. मी नेला नाही. म्हटलं, ठेव. एक दिवस शोधशील.'

तो फोटो मेशोमोशायांच्या मांडीवरच्या पिशवीत होता. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. ३७ वर्षं कपाटात धोतरांच्या खाली ठेवला होता.

विमानतळावर लाल-पिवळ्या झेंड्यांचा समुद्र. काठ्या टेकत आलेले आजोबा, आणि ज्यांनी त्याला कधी खेळताना बघितलंच नाही अशी विशीतली पोरं, सगळे त्याच्या नावानं ओरडत होते. त्या गर्दीत आम्हाला काय दिसणार? एक वर केलेला हात दिसला, तोही क्षणभर. तो त्याचाच होता की पोलिसाचा, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दोघं म्हातारे एकमेकांचा दंड धरून उभे होते. परतताना बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मेशोमोशाय म्हणाले, 'त्याच्या घरी तेव्हा काय चाललं होतं, हे आम्ही कधी विचारलंच नाही.'

त्या रात्री मी शोधून वाचलं. मजीदचं गाव खुर्रमशहर. १९८० च्या सप्टेंबरात इराण-इराक युद्ध सुरू झालं, त्या वर्षाच्या अखेरीस ते गाव इराकी सैन्यानं घेतलं आणि मे १९८२ मध्ये ते सुटलं. म्हणजे ज्या काळात कोलकाता त्याला खांद्यावर घेऊन नाचत होतं, त्यातला बहुतेक काळ त्याचं गाव परक्या फौजेच्या ताब्यात होतं. गॅलरीतल्या हजारो माणसांना तो कुठल्या पायानं मारतो हे पाठ होतं. त्याचं गाव कुठलं, हे किती जणांना ठाऊक होतं?

तेव्हा मला आपल्या वर्गातला दहा नंबर आठवला.

नाव घेत नाही. घ्यायची गरजही नाही, तुमच्या नजरा खाली गेल्यात. शाळेला आंतरशालेय चषक मिळवून देणारा, मधल्या सुट्टीत डबा सगळ्यांसमोर उघडा ठेवणारा. त्याच्या आईच्या हातचे धपाटे आपण सगळ्यांनी खाल्लेत. बारावीनंतर तो आपल्या पेठेच्या तालमीकडून खेळायला लागला आणि गल्लीत त्याचे फलक लागले. दुसऱ्याच वर्षी तो समोरच्या संघात गेला. का गेला, ते आपण विचारलं नाही. आपण 'गद्दार' म्हटलं आणि मोकळे झालो.

त्या हंगामात आपल्याविरुद्धच्या पहिल्याच मॅचला मी बाबांबरोबर शाहू स्टेडियमवर होते. त्यानं गोल मारला. नाचला नाही. खाली मान घालून मधल्या रेषेकडं चालत गेला. आणि आपल्या बाजूच्या गॅलरीतून त्याच्या आईवरून घोषणा सुरू झाल्या. मी शिवी दिली नाही, पण मी टाळ्यांचा ठेका धरला होता. हे मी आज २८ वर्षांनी पहिल्यांदा बोलतेय.

मी गेल्या २३ वर्षांत पाच कंपन्या बदलल्या. दोनदा तर थेट प्रतिस्पर्धी कंपनीत गेले, जास्त पगारासाठी. तुम्ही प्रत्येक वेळी ग्रुपवर अभिनंदन केलंत, पेढे मागितलेत. त्यानं एकदा संघ बदलला आणि आपण त्याला ग्रुपवरसुद्धा घेतलं नाही. कुणीतरी गमतीत लिहिलं, 'तो तिकडचा ग्रुप काढेल', आणि आपण सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं टाकली. मीही टाकलं.

काल संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या वडिलांना त्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. समोरच्या तालमीच्या एका समर्थकाचं उद्यमनगरात मशीन शॉप होतं, त्यानं कायमची नोकरी देऊ केली. एवढंच कारण. तो अजून तिथंच आहे, सीएनसी मशीनवर, आणि प्रोग्राम स्वतः लिहितो. मला म्हणाला, 'म्हंजे आपण दोघं एकाच लायनीतले की.' आठ वर्षांपूर्वी आई गेली. आपल्यापैकी दोघंच गेले होते, ते इथं आहेत, त्यांना मी हात जोडते.

मी म्हटलं, उद्या चल. तो म्हणाला, 'ऱ्हाऊ दे गं. मी आलो की कुणाचं तरी तोंड वाकडं हुनार. तुमी मजा करा.' मग दारापर्यंत सोडायला आला आणि विचारलं, 'सर येनार हैत?'

आणि आज सकाळी नावनोंदणीच्या टेबलापाशी सरांनी विचारलं, 'दहा नंबर आलाय का रे?' आपण सहा-सात जण उभे होतो. कुणी उत्तर दिलं नाही. मीसुद्धा नाही.

सर, उत्तर आत्ता देते. तो आलेला नाही, कारण आम्ही बोलावलं नाही.

अजून एक गोष्ट सांगते आणि थांबते. मजीदबरोबर आलेला तो जमशेद नासिरी, तोही पुढं दोन्ही क्लबांकडून खेळला आणि कोलकात्यातच राहिला. २०२२ च्या जानेवारीत गोव्यात फातोर्ड्याला त्याच्या मुलानं, कियाननं, बदली खेळाडू म्हणून उतरून हॅटट्रिक केली. मोहन बागानकडून, ईस्ट बंगालविरुद्ध! मी तेव्हा पुण्यात होते. मेशोमोशायांना घाबरत घाबरत फोन केला. म्हातारा म्हणाला, 'आज घरात कुणी जेवलं नाही. पण पोरगं छान खेळलं. जमशेदचं आहे ना, आपलंच.'

राग आपल्या माणसाचाच येतो, तो येऊ दे. पण फोटो कपाटात किती वर्षं ठेवायचा, ते आपल्या हातात आहे. मेशोमोशायांचा मजीद समुद्रापार होता. आपला दहा नंबर या हॉलपासून चार किलोमीटरवर आहे.

आत्ता बारा वाजलेत, एकला पंगत आहे. मी एकटी गेले तर तो येत नाही, हे काल कळलं. त्या दिवशी गॅलरीत असलेल्यांपैकी आठ-दहा जण इथं आहेत. दोन गाड्या पुरतील. सर, तुम्ही पुढच्या सीटवर बसाल का?



ता. क. : स्मरणिकेसाठी हे भाषण लिहून काढताना एक खुलासा. समूह छायाचित्रात सरांच्या शेजारी निळ्या शर्टात उभा आहे, तो आपला दहा नंबर. त्या दिवशी जेवण पाऊण तास उशिरा झालं, त्याबद्दल भोजन समितीची मनापासून माफी मागते.