मोटारबोटीची मंदगती



मोटारबोट म्हटली म्हणजे मनासमोर वेगच उभा राहतो. पाणी कापीत, मागे फेसाचा पट्टा सोडीत ती धावली पाहिजे, अशी आपली समजूत. परंतु मासेमारीचा एक प्रकार असा आहे की, त्यात ह्याच नौकेला माणसाच्या चालीने चालावे लागते. धावण्याकरिता घडविलेल्या यंत्राला चालावयास कसे शिकवावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या प्रकाराला ट्रोलिंग म्हणतात. ट्रॉलर जहाजे जाळे ओढून जी मासेमारी करतात, तिच्याशी ह्याची गल्लत करू नये. ट्रोलिंगमध्ये नौकेच्या मागे लांब दोरी सोडून तिच्या टोकाचा गळ आमिषासह पाण्यातून ओढीत नेतात. आमिष जिवंत माशासारखे पोहते आहे असे भासले, तरच शिकारी मासा त्यावर झडप घालतो. समुद्रातल्या सुरमईला ताशी आठ-दहा किलोमीटरची गती चालते. खाडीतल्या जिताड्याची, म्हणजे गोव्याकडे ज्यास चोणक म्हणतात त्याची, गोष्ट निराळी. तो दबा धरून बसणारा मासा. त्याच्यापुढून आमिष सावकाश, ताशी तीन-चार किलोमीटरच्या गतीने गेले पाहिजे.

भिवंडीजवळच्या टेमघरला ज्या उल्हास नदीचे पाणी शहाडहून उपसून शुद्धीकरणासाठी आणतात, तीच नदी कल्याणपाशी खाडीचे रूप घेते आणि वसईजवळ समुद्रास मिळते. अशा भरती-ओहोटीच्या पाण्यात लहान होडी व तिच्या मागील फळीवर टांगलेले आउटबोर्ड यंत्र हे साधन सोयीचे खरे. परंतु अडचणही तेथेच सुरू होते.

ही अडचण आकड्यांनी पाहू. समजा, यंत्र अगदी मंद ठेवले असताना मिनिटाला ८०० फेरे घेते, आणि दातेरी चाकांमुळे पंख्याला त्याच्या निम्मे, म्हणजे ४०० फेरे मिळतात. पंख्याची ओढ एका फेऱ्यास ३३ सेंटीमीटर असेल, तर मिनिटाला १३२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे आठ किलोमीटर अंतर झाले. पाण्यात पंखा काहीसा घसरतो. ती घसरण चौथा हिस्सा धरली, तरी ताशी सहा किलोमीटर उरतात. यंत्र ह्याहून मंद केले तर ते बंद पडते. जिताड्याला हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट गती आपल्या हाती राहते.

मग उपाय काय? पहिला उपाय पंखा बदलण्याचा. २५ सेंटीमीटर ओढीचा पंखा लावला, तर त्याच हिशेबाने गती ताशी साडेचार किलोमीटरवर येते. मात्र अशा पंख्यावर यंत्र भरधाव सोडल्यास ते मर्यादेबाहेर फिरते, हे ध्यानात ठेवावे. दुसरा उपाय गिअर मधूनमधून सोडण्याचा. ह्यात आमिष खाली बसते व पुन्हा उसळते, आणि कित्येकदा मासा त्यालाच भुलतो. तिसरा, होडी उलटी चालविण्याचा. मागची सपाट फळी पाण्याला अडविते आणि गती मोडते. पण ती फळी ठेंगणी असल्यामुळे लाटेचे पाणी आत येते. शांत पाण्याखेरीज हा प्रयोग करू नये.

चौथा उपाय सर्वांत स्वस्त. कापडाची नरसाळ्यासारखी पिशवी, किंवा तळाला भोक पाडलेली बादली, दोरीने पाण्यात सोडावी. येथे एक नियम समजून घेतला पाहिजे. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. यंत्राचा जोर तोच ठेवून वेग निम्मा करावयाचा, तर एकूण विरोध चौपट करावा लागतो. होडीचा स्वतःचा विरोध एक धरला, तर पिशव्यांनी तीन भरून काढावे लागतात. म्हणून एका लहान बादलीने फारसा फरक न पडल्यास नवल मानू नये. दोन्ही बाजूंना एकेक पिशवी, तीही होडीच्या मध्यावर बांधावी, म्हणजे होडी सरळ चालते. दोरी बांधल्या ठिकाणापासून पंख्यापर्यंतच्या अंतराहून आखूडच असावी. पंख्यात गुंतलेली दोरी ओहोटीच्या धारेत होडीला असहाय करते. वेग वाढविण्यापूर्वी पिशव्या वर ओढाव्यात.

वेग मोजावयाचा कसा, हाही प्रश्न महत्त्वाचा. मोबाइलवर दिसतो तो जमिनीच्या हिशेबाचा वेग. आमिषाला जमीन ठाऊक नसते. ओहोटी ताशी तीन किलोमीटरने वाहत असेल आणि होडी पाण्यातून चार किलोमीटरने चालत असेल, तर धारेविरुद्ध काठावरून वेग एक दिसेल आणि धारेबरोबर सात दिसेल. आमिषाला दोन्ही वेळी चारच. तेव्हा साधी युक्ती करावी. नारळाच्या सोडणाचा तुकडा होडीच्या नाळेपाशी टाकावा आणि तो मागच्या टोकाशी येईपर्यंत सेकंद मोजावे. होडी पाच मीटर लांब असून पाच सेकंद लागले, तर वेग ताशी ३.६ किलोमीटर.

मंदगतीची काही पथ्येही आहेत. जुन्या दोन-स्ट्रोक यंत्रात इंधनाचा काही भाग न जळताच पाण्यात जातो आणि फार वेळ मंद चालविल्यास प्लग काजळतो; म्हणून अधूनमधून गळ वर घेऊन यंत्र थोडे वेगाने चालवावे. यंत्रातून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते आहे ना, इकडे नजर ठेवावी. आपल्या खाड्यांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि नदीतून वाहत आलेली जलपर्णी ह्यांची वाण नाही. त्यांनी पाण्याचे तोंड बुजले की यंत्र तापून निकामी होते. अंगात जीवरक्षक जाकीट आणि मनगटाला यंत्र बंद करणारी दोरी असल्यावाचून होडी हाकारू नये.

विद्युत्‌शक्तीवर चालणारे लहान यंत्र ह्या कामास विशेष योग्य आहे. फ्रेंच शोधक गुस्ताव्ह त्रूव्हे ह्याने १८८१ साली पॅरिसमध्ये सेन नदीवर होडीच्या मागे विजेचेच यंत्र लावून ती चालविली होती. पुढे १९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूड ह्याने पेट्रोलचे यंत्र बाजारात आणले आणि तेलाचे युग सुरू झाले. आज बॅटरीवरचे यंत्र हव्या तितक्या मंद गतीने फिरते, बंद पडत नाही, आणि पाण्यावर तेलाचा तवंग सोडीत नाही.

ह्या शेवटच्या गुणाला आपल्याकडे मोठे मोल आहे. शहाडला उपसलेले पाणी टेमघरला शुद्ध होऊन असंख्य घरांच्या नळांत जाते. ज्या वरच्या पात्रातून हे पाणी येते, तेथे हौसेखातर तेलाचे यंत्र चालविणे कोणाही विचारी गृहस्थास शोभणार नाही. होडी खाडीतच न्यावी, आणि तेथेही आपल्यामागे तवंग राहू नये, ह्याची काळजी घ्यावी.