बुजलेल्या विहिरी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ५० वर्षांचा वृत्तांत आपण आतांच ऐकला. मंदिर कोणीं उभारलें, शाळेसाठीं कोणीं झीज सोसली, हें सारें सांगून झालें. परंतु एका उपकारकर्त्याचें नांव त्यांत राहून गेलें. तें नांव मंदिरामागील बावखलाचें. आज त्याच्याविषयीं चार शब्द बोलण्याची मला अनुज्ञा असावी.

पवित्र शास्त्रांत, उत्पत्तीच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायांत, इसहाकाची कथा आहे. अब्राहामाच्या काळीं त्याच्या चाकरांनीं ज्या विहिरी खणल्या होत्या, त्या पलिष्ट्यांनीं मातीनें बुजवून टाकल्या. पुढें इसहाक गरारच्या खोऱ्यांत राहूं लागला, तेव्हां त्यानें त्याच विहिरी पुन्हां उकरल्या, आणि बापानें दिलेलींच नांवें त्यांस दिलीं. ही कथा वाचतांना माझें मन दरवेळीं वसईकडे वळतें. अब्राहामाच्या विहिरी परक्यांनीं बुजविल्या. आपलीं बावखलें कोणीं बुजविलीं? उत्तर देतांना जीभ अडखळते. तें काम पुत्रांनींच केलें, आणि त्यांतील एक हात माझा आहे.

आमच्या वाडींत घरामागें एक बावखल होतें. माझ्या बालपणीं विहिरीवरचा रहाट मोडकळीस आला होता व त्याच्या जागीं इंजिन बसलें होतें. परंतु बावखल मात्र आजोबांच्या वेळचेंच होतें. त्याच्या काठीं केळींची रांग होती. पोहणें आम्ही भावंडें त्यांतच शिकलों. सुकेळीं वाळत घातलीं म्हणजे कावळे राखावयाचें काम माझ्याकडे असे, आणि मी त्याच काठावर प्रश्नोत्तरावलि पाठ करीत बसें. ‘सर्व वस्तू कोणीं निर्माण केल्या?’ या प्रश्नाचें उत्तर माझ्या मुखीं होतें आणि डोळ्यांपुढेंही होतें.

वडिलांच्या मागें वाडीची वाटणी झाली. भावांना घरें बांधावयाचीं होतीं, कुटुंबें वाढलीं होतीं. त्यांची गरज खोटी नव्हती. बावखल भरून काढण्याचा कागद माझ्यापुढें आला. मला कांहींच वाटा नको होता, म्हणून मीं न वाचतांच सही केली, आणि मनांत मोठा त्याग केल्याचें समाधान मानलें. आज मला कळतें कीं, तो त्याग नव्हता. ती बेफिकिरी होती. जें एकट्या माझें नव्हतें, तें मीं सोडून दिलें.

थोड्याच वर्षांत आमची विहीर मचूळ झाली. एका उन्हाळ्यांत मी घरीं गेलों असतां आईनें चहा पुढें ठेवला. एक घोट घेऊन मी थांबलों. ती म्हणाली, “तुझ्या गुरुदीक्षेच्या मांडवांत साऱ्या गांवाला हिनेंच पाणी पाजलें. आज तुझ्या एका चहाला ती पुरत नाहीं.” तिच्या बोलण्यांत रोष नव्हता, म्हणूनच तें मला अधिक लागलें.

असें कां झालें, हें मागाहून मीं जाणत्यांकडून समजून घेतलें. आपली वसई समुद्र आणि खाडी यांच्या कुशींत वसलेली. जमिनींत मुरलेलें पावसाचें गोडें पाणी हलकें असल्यामुळें खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतें. गणित असें आहे कीं, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ फूट उंच असेल, तर तिच्या भारानें समुद्रसपाटीखालीं सुमारें ४० फूट गोडें पाणी टिकून राहतें. तीच पातळी १ फुटानें उतरली, तर खारें पाणी खालून तितकेंच, म्हणजे सुमारें ४० फूट, वर चढूं शकतें. वरून आपण थोडेंसें उपसतों आणि खालून समुद्र मोठें पाऊल टाकतो. बावखल हें या ठेवींत भर घालण्याचें द्वार होतें. पावसाळ्यांत वाडीचें पाणी त्याच्या उतरत्या काठांवरून आंत येई, हळूहळू मुरे, आणि आसपासच्या विहिरी गोड्या राहत. आम्हीं तें द्वार बंद केलें आणि उपसा मात्र मोटारीनें वाढविला.

या संकटाची हांक आपल्याला पूर्वींच देण्यांत आली होती. गेल्या शतकाच्या अखेरच्या काळांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसईची चळवळ उभी राहिली. २०२४ सालीं ते प्रभुघरीं गेले. त्यांच्या अंत्यविधीच्या वार्तेनें आपले डोळे ओलावले. परंतु त्यांच्या शिकवणीनें आपलीं अंगणें ओलीं राहिलीं काय, हा प्रश्न ज्यानें त्यानें स्वतःस विचारावा. असिसीच्या संत फ्रान्सिसानें पाण्यास बहीण म्हटलें. त्याच्याच गीतांतील शब्दांनीं पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकाचा आरंभ केला, आणि पृथ्वीची हेळसांड हें पाप आहे, याची आपणांस आठवण दिली. बहिणीस घरांतून हांकलून तिच्या खोलींत मोटार उभी करणारा भाऊ कसा म्हणावा?

मोटारीचें उदाहरण मीं उगीच दिलें नाहीं. या महोत्सवाची तयारी सुरू झाली, तेव्हां मंदिरामागील बावखल बुजवून तेथें वाहनतळ करावा, आणि साऱ्या आवारांत फरशी बसवावी, अशी सूचना आली. सूचना करणारे मंदिरावर प्रेम करणारेच होते. मीही होकार देण्याच्या बेतांत होतों. त्या रात्रीं मला आईचा चहा आठवला. दुसऱ्या सभेंत मीं माझ्या सहीची गोष्ट सर्वांस सांगितली. पुष्कळ वाद झाला, एकमत झालें नाहीं, परंतु बावखल वांचलें. गेल्या मे महिन्यांत तरुणांनीं त्यांतील गाळ काढला. पावसाळ्यांत तें कांठोकांठ भरलें. आज कित्येकांना वाहनें दूर ठेवून उन्हांतून चालत यावें लागलें. त्यांची मी क्षमा मागतों आणि त्यांचे आभारही मानतों. तें चालणें ही या महोत्सवाची एक देणगीच आहे.

आतां घरोघरचें काम राहिलें. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी मिळतें. १०० चौरस मीटरच्या छपरावर २,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर तें २ लक्ष लिटर होतें. तें गटारांत सोडूं नका. पन्हळ लावून, वाळू व खडीच्या थरांतून गाळून, आपल्या विहिरीस द्या. अंगणाचा निदान अर्धा भाग मातीचा ठेवा. पालापाचोळा जाळूं नका. खड्ड्यांत टाकून त्याचें खत करा. लग्नाच्या मांडवांत व सणावारीं स्टीलचे पेले काढा. ते धुण्यास चार हात लागतात, आणि चार हात एकत्र येणें हेंच तर शेजारधर्माचें मूळ आहे. २ नोव्हेंबरला मृतांच्या कबरींवर प्लॅस्टिकचीं फुलें वाहूं नका. ज्यांनीं जन्मभर मोगरा पिकविला, त्यांना त्यांच्याच वाडीचें एक फूल पुरे.

शेवटीं एकच. आगेऱ्याच्या दिवशीं आपण भाताच्या लोंब्या वेदीपाशीं आणतों. पुढील पिढी त्या कोठून आणणार? जिच्या वाडींत बावखल उरलें नाहीं, तिला आपला प्रथम उपज बाजारांतून विकत आणावा लागेल. इसहाकानें बापाच्या विहिरी उकरल्या, कारण त्या कोठें होत्या हें त्याला ठाऊक होतें. आपल्या वाडींत पूर्वीं बावखल कोठें होतें, हें आज घरीं जाऊन मुलांना दाखवा. जागा ठाऊक असली, तर उकरणारा कोणी तरी निघेल. जें अद्याप बुजलेलें नाहीं, त्याच्यावरील कागद माझ्यासारखा न वाचतां सही करूं नका.

शमरोनी स्त्रीशीं विहिरीच्या काठीं बोलणारा प्रभु आपल्या विहिरी गोड ठेवो, आणि आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.