साधं टाकू की पॉवर?

आज कोडिंग नाही, एआय नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्सही नाहीत. आज बोलायचंय पेट्रोल पंपावरच्या एका प्रश्नाबद्दल. आपण काच खाली करतो, पंपावरचा दादा झाकण उघडतो आणि विचारतो, "सर, साधं टाकू की पॉवर?" कंपनीप्रमाणे नाव बदलतं, कुठे स्पीड, कुठे एक्सपी ९५. प्रश्न तोच.

मी सलग दोन वर्षं याला एकच उत्तर दिलं: "पॉवर टाक." एकदम रुबाबात. मी बीटेक केलंय, दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, पण आपण नेमकं कशाचे जास्त पैसे देतोय हे एकदाही तपासलं नव्हतं. डोक्यात गणित एवढंच होतं, की महाग आहे म्हणजे चांगलं असणार.

गाडी माझी नाही, बाबांची. २०११ ची साधी पेट्रोल हॅचबॅक. मला पुण्यात नोकरी लागल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. त्यामुळे तिला चांगलं खायला घालणं हे मला कर्तव्यच वाटायचं. महिन्याला साधारण ८० लिटर पेट्रोल, लिटरमागे सात-आठ रुपये जास्त. म्हणजे महिन्याला सहाशे रुपये आणि दोन वर्षांत चौदा हजारांच्या वर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या वर्षी एका शनिवारी मी आईला घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना आई मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे, पेट्रोलचा वास येतोय का रे?" मी म्हटलं, पुढच्या ट्रकचा असेल. घाट उतरलो, ट्रक मागे पडला, वास काही जाईना. मग मात्र घाबरलो. गाडी कडेला घेतली, बंद केली, आईला खाली उतरवलं आणि साताऱ्याच्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांना फोन लावला. ते येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, असं त्यांनी बजावलं.

काकांनी बॉनेट उघडून मला एक रबरी पाइप दाखवला. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा. त्याला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या आणि क्लिपजवळ ओल होती. खाली तापलेलं इंजिन. काका म्हणाले, "एवढं महागाचं पेट्रोल घालतोस, पण ते जातं कुठून ते कधी बघितलंस का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाइप बदलायला काहीशे रुपये लागले. त्या रात्री मी पहिल्यांदा डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल बाहेर काढलं. आता त्यातून आणि नंतरच्या वाचनातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट. पंपावर दिसणारे ९१, ९५, १०० हे आकडे म्हणजे ऑक्टेन. आपल्याला वाटतं ही पेट्रोलची ताकद. तसं नाहीये. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. दाब आणि उष्णता जास्त झाली तर मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकतो. तेव्हा इंजिनातून टिणटिण, खडखड असा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात. ऑक्टेनचा आकडा म्हणजे हे पेट्रोल असं अवेळी भडकण्याला किती दाद देत नाही, त्याचं माप. म्हणजे हा पेट्रोलचा संयम आहे, जोर नव्हे.

पुरावा हवाय? इथेनॉल घ्या. त्याचं ऑक्टेन शंभराच्या वर असतं. पण एका लिटर इथेनॉलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ऑक्टेन जास्त, ऊर्जा कमी! ऑक्टेन म्हणजे ताकद असती तर हे शक्यच नव्हतं.

मग जास्त ऑक्टेन लागतं कुणाला? ज्या इंजिनात मिश्रण जास्त दाबलं जातं त्याला. काही टर्बो पेट्रोल गाड्या, महागड्या स्पोर्ट्स बाइक. अशा गाडीच्या झाकणावर किमान ९५ लिहिलं असेल तर ९५ च टाका, तिथे काटकसर नको. कमी ऑक्टेन टाकलं तर नॉक सेन्सर ते ओळखतो, कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकायला लागतो. इंजिन वाचतं, पण पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही खाली येतात. माझ्या मॅन्युअलमध्ये मात्र स्पष्ट लिहिलं होतं: किमान ९१. त्या इंजिनाला ९५ चा संयम देऊन ते त्याचं करणार काय?

हा घोळ फक्त आपलाच नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१६ मध्ये चाचण्या केल्या. साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत प्रीमियम टाकून ना ताकद वाढली, ना ॲव्हरेज. आणि हो, तिकडे राहणारा कुणी चुलतभाऊ "आम्ही तर ८७ च टाकतो" म्हणाला तर गोंधळू नका. त्यांची मोजायची पद्धत वेगळी आहे. तिकडचं ८७ म्हणजे आपल्याकडचं जवळपास ९१.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्याकडे आज जास्त महत्त्वाची आहे. इथेनॉल. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, म्हणजे ई-२०, फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपावर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. सरकारने तेव्हा हेही सांगितलं, की या मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९१ वरून ९५ पर्यंत गेलं. म्हणजे ९५ साठी जादा पैसे मोजायचं कारण अजूनच पातळ झालं. उरतात ती प्रीमियममधली इंजिन साफ ठेवणारी रसायनं. त्यांचा थोडाफार उपयोग असेलही, पण त्याला ऑक्टेन म्हणत नाहीत. आणि ९५ लिहिलंय म्हणजे त्यात इथेनॉल नाही, असंही समजू नका.

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे ई-२० ला चालतील असे असतात. जुन्या गाड्यांत रबर आणि प्लास्टिकचे काही भाग लवकर खराब होऊ शकतात, आणि ॲव्हरेजही थोडं पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्क्यांचा अंदाज दिला होता. माझा पाइप इथेनॉलमुळेच गेला का? छातीठोकपणे नाही सांगता येणार. चौदा वर्षांचं रबर होतं ते, आपोआपही गेलं असतं. पण मी तो तपासला नव्हता, ही चूक नक्की माझी.

तर आज घरी गेलात की तीन गोष्टी करा. एक, पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर आणि मॅन्युअलमधलं पान वाचा: किमान ऑक्टेन किती, इथेनॉल किती चालतं. दोन, तिथे ९१ लिहिलं असेल तर बिनधास्त साधं टाका. तीन, गाडी जुनी असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला सांगा, "पेट्रोलचे पाइप आणि सील बघून घ्या." वास आला तर गाडी थांबवा, पुढच्या ट्रकवर ढकलू नका.

त्या चौदा हजारांत पाइप, बॅटरी, सर्व्हिसिंग सगळं झालं असतं. बाबांना हे सगळं सांगितलं तर ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मी तर कायम साधंच टाकायचो. तुला कोणी सांगितलं होतं?"

कोणीच नाही, बाबा. मी विचारलंच नव्हतं.

चला, भेटू पुढच्या भागात. गाडी सांभाळून चालवा.