आधी आपला फोन खाली ठेवू

आम्ही लाखनीच्या बचत गटांच्या बाया बोलतो आहोत. आज हप्ता आणि व्याज बाजूला ठेवू आणि आपल्या पोरांविषयी बोलू.

रोवणीच्या दिवसांतली गोष्ट. गटाची बैठक संपली, तरी एक बाई जागची उठेना. विचारलं तर तिला रडूच फुटलं. नववीतली लेक आठ दिवस शाळेत गेली नव्हती. रोज पोट दुखतं म्हणायची. खरं कारण मागून कळलं. तिनं इन्स्टाग्रामवर फोटो टाकला होता आणि त्याखाली वर्गातल्या मुलांनी तिच्या रंगावरून घाणेरडं लिहिलं होतं. "घरी का नाही सांगितलं?" असं आम्ही विचारलं, तर ती म्हणाली, "सांगितलं असतं तर आईनं फोनच काढून घेतला असता." आम्ही गप्प झालो. आमच्यातल्या प्रत्येकीनं तेच केलं असतं.

कोरोनात शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासासाठी फोन आपणच पोरांच्या हाती दिला. अभ्यास संपला, फोन हातातच राहिला. एक रील संपली की बोट सरकवताच दुसरी सुरू होते, तिला शेवट नाही. किती जणांना आवडलं, याचा आकडा पोरं सारखी बघतात. आकडा कमी दिसला की आपल्यातच काही कमी आहे असं त्यांना वाटतं. झोप जाते, चिडचिड वाढते. तेरा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्रामवर खातं उघडता येत नाही, असा त्या कंपनीचाच नियम आहे. तरी वय खोटं टाकून खाती उघडली जातात.

मग फोन हिसकावायचा का? यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्ये ग्रामसभेत अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं वेगळी वाट धरली. तिथं संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरांचे आणि मोठ्यांचेही. हे ठरलं ते स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, बायांच्या सभेत. आशाताई, अंगणवाडीसेविका घरोघरी फिरल्या आणि त्यांनी लोकांना समजावलं.

आम्हाला वडगावची वाट पटली. सगळ्यांचेच फोन बंद झाले, तर ती पोरांना शिक्षा वाटत नाही. आपण मालिका बघत बसायचं आणि लेकराला "फोन ठेव" म्हणायचं, हे ते कसं ऐकेल?

आपल्याकडे भोंगा नसला तरी चालेल. पुढच्या बैठकीत ठराव घ्या. रोज दीड तास घरातले सगळे फोन एका डब्यात ठेवायचे. पहिला फोन आईबाबांचा. रात्री पोरांच्या उशाशी फोन नको. आणि लेकराला आजच सांगा, "कुणी वाईट लिहिलं, फोटो मागितला, धमकी दिली, तर मला सांग. मी रागावणार नाही, फोनही काढून घेणार नाही." असं काही घडलंच, तर मजकूर पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक दिवसरात्र, फुकट चालतो. तो घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

ती मुलगी आता शाळेत जाते. मायलेकी मिळून शाळेत गेल्या, गुरुजींशी बोलल्या. फोन अजून तिच्याकडेच आहे. संध्याकाळी मात्र तो डब्यात असतो, आईच्या फोनशेजारी.