डावा हात आणि मनाचा आजार



मागील वर्षी एक माता मला भेटल्या. डावखुऱ्यांना पुढे वेड लागते, असे कुणीतरी सांगितल्यामुळे त्या घरी मुलाचा डावा हात रुमालाने बांधून ठेवीत. म्हणून हा विषय घेतला आहे.

शंभरांत सुमारे दहा माणसे डावखुरी असतात. स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता हा आजार मात्र सुमारे तीनशेंत एकाला आढळतो. या रुग्णांत डावखुरे किंवा एका कामाला डावा, दुसऱ्याला उजवा हात वापरणारे काहीसे अधिक असतात, हे खरे. तोंडातील टाळू उंच असणे, कानाची ठेवण वेगळी असणे, अशा बारीकसारीक खुणाही थोड्या अधिक दिसतात. मेंदू आणि त्वचा गर्भात एकाच थरापासून घडतात. त्या घडणीत अडथळा आला तर बाहेरही खूण राहू शकते. १९४४-४५ साली हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला. त्याच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे या आजाराचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. गरोदर मातेचा आहार का सांभाळावा, हे यावरून ध्यानात यावे.

परंतु खूण म्हणजे कारण नव्हे. बहुतेक डावखुऱ्यांना हा आजार कधीच होत नाही आणि बहुतेक रुग्ण उजव्या हाताचेच असतात. हात बांधल्याने मेंदूची घडण बदलत नाही; मुलाचा धीर तेवढा खचतो. जेवताना उजव्या हाताची शिस्त अवश्य लावा, पण लेखणी त्याला हव्या त्या हातात राहू द्या.

लक्ष ठेवायचे ते वागण्यातील बदलावर. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. मुलगा माणसे टाळू लागतो, झोप उडते, अभ्यास सुटतो, कोणी नसताना आवाज ऐकू येतात, घरच्यांचाही संशय येतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची दोन वर्षे ‘लग्न केले की सुधारेल’ या आशेत गेली. तो उजव्या हाताने लिहीत असे! औषधोपचार सुरू झाल्यावर आज तो दुकान सांभाळतो. ती दोन वर्षे मात्र परत मिळाली नाहीत. तेव्हा लाज न बाळगता मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे.

विद्यार्थी मित्रांनो, डावखुऱ्या सोबत्याला चिडवू नका. अचानक गप्प झालेल्या सोबत्याची मात्र चौकशी करा.