नफ्याचा आकडा, शेअरचा भाव आणि साहेबांचा मेहनताना



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास असे रसाळ विषय असावेत आणि आम्ही मात्र हिशेबाची वही घेऊन उभे राहावे, हे जरा विजोडच दिसते. पण अंतरवाली सराटीत बसूनही आज हातातल्या फोनवर शेअर घेता येतो. ज्या धंद्याच्या नफ्यात आपण वाटेकरी झालो, तो नफा मोजतो कोण, हा प्रश्न मग ओघानेच येतो.

आपल्या अंबड तालुक्यात अंकुशनगरला सहकारी साखर कारखाना आहे. सहकारी कारखान्याचा भाग बाजारात विकला जात नाही, त्याला रोज भाव फुटत नाही. सभासदाला मिळायचे ते मुख्यतः उसाच्या दरातून. म्हणून तो ताळेबंदातला नफा विचारीत नाही. ‘टनाला काय दिले?’ एवढेच विचारतो. कंपनीच्या भागधारकाजवळ घालायला ऊस नसतो. त्याचे डोळे नफ्याच्या आकड्यावर, कारण त्या आकड्यामागे शेअरचा भाव धावतो. आणि त्याच आकड्यावर चालकांचा मेहनतानाही बेतलेला असतो.

हे नाते जुने आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या आरंभकाळी व्यवस्थापक एजंट मालाच्या वजनावर, पौंडामागे पाव आणा कमिशन घेत. गिरणी तोट्यात असो की फायद्यात, एजंटाचा पाव आणा सुटत नसे! पुढे नफ्यावर कमिशन घेण्याची रीत आली, ती अर्थातच बरी. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना संसदेत आलेला कंपनी कायदा १ एप्रिल १९५६ रोजी अमलात आला आणि त्याने चालकांच्या एकूण मेहनतान्याला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा घातली. व्यवस्थापक एजन्सी १९७० साली संपली. ११ टक्क्यांची रेघ २०१३ च्या कायद्यातही सार्वजनिक कंपन्यांसाठी कायम आहे.

पण नफा म्हणजे काय? एक हिशेब मांडून पाहू. कंपनीची यंत्रे २० कोटींची. ती १० वर्षे टिकतील असे धरले, तर वर्षाचा घसारा २ कोटी. २० वर्षे धरली तर १ कोटी. पहिल्या हिशेबाने नफा ४ कोटी होत असेल, तर दुसऱ्याने ५ कोटी. तिजोरीत एक रुपयाही वाढला नाही, यंत्रही तेच. पण ५ टक्के घेणाऱ्या व्यवस्थापकीय संचालकाचे २० लाखांचे २५ लाख झाले! यंत्रांच्या आयुष्याचे कोष्टक कायद्याने दिलेले आहे; तरी कारण सांगून वेगळे आयुष्य धरता येते. बुडीत येणे किती, गोदामातल्या मालाची किंमत काय, हेही अंदाजच. अंदाज करणाराच त्या अंदाजावर वेतन घेतो. वाढपी आणि जेवणारा एकच.

कायदा अगदीच भोळा नाही. जमीन विकून आलेला भांडवली नफा, मालमत्तेची किंमत फुगवून दाखवलेली वाढ, शेअरवरचा अधिमूल्याचा पैसा या हिशेबात धरता येत नाही. जमीन विकल्याचे पैसे पिकाचे उत्पन्न म्हणून कोणता शेतकरी सांगेल?

मग मेहनताना नफ्याऐवजी शेअरच्या भावाशी जोडावा, असे म्हणणारे आहेत. बाजार हुशार असतो हे बऱ्याच अंशी खरे. १९६८ साली बॉल आणि ब्राऊन या दोन अभ्यासकांनी न्यूयॉर्कच्या बाजारातील कंपन्या तपासल्या. नफ्याच्या बातमीतला बहुतेक अर्थ ती जाहीर होण्याआधीच भावात उतरलेला त्यांना आढळला. बाजार कानोसा घेत असतो. पण खोटे कागदच पुढे आले, तर तो तरी काय करणार? हैदराबादच्या ‘सत्यम’ कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कळवले की ताळेबंदातली हजारो कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. त्या एका दिवसात शेअर तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. वर्षानुवर्षे फुगवलेल्या नफ्यावर तो भाव उभा होता. चालकाला शेअरच्या रूपाने वेतन दिले, तर भाव वर ठेवण्याचा मोह कमी होईल की वाढेल? आमच्या मते वाढेल. निदान शेअर बरीच वर्षे विकता येणार नाही अशी अट नसेल, तर नक्कीच.

सामान्य भागधारकाने काय करावे, असे कोणी विचारील. नफ्याच्या आकड्याशेजारी प्रत्यक्ष रोकड किती आली, ते रोख प्रवाहाच्या पत्रकात पाहावे. नफा दरवर्षी चढता आणि रोकड आटलेली, असे दिसले की घसारा आणि येणी यांच्या टिपा वाचाव्यात. त्या बारीक अक्षरात शेवटी असतात. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीला आणखी एक गोष्ट सांगावीच लागते: प्रत्येक संचालकाचे वेतन हे मधल्या कर्मचाऱ्याच्या वेतनाच्या किती पट आहे. ११ टक्क्यांची मर्यादा ओलांडायची, तर विशेष ठराव लागतो, म्हणजे विरुद्ध मतांच्या निदान तिप्पट मते बाजूने हवीत. त्या ठरावाची सूचना लहान भागधारकालाही येते आणि मत घरबसल्या देता येते.