घर तापलेलं असताना

हार्बर लोकलच्या गर्दीतून रात्री नऊला पनवेलला उतरायचं, घरी सासऱ्यांचं पथ्यपाणी, मुलीची दहावी, दोन खोल्यांत पाच माणसं. अशा वेळी ‘कृतज्ञ राहा’ असं कुणी म्हटलं की राग येतो, आणि तो रास्तच आहे.

म्हणून आधी स्वीकार. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची १९५५च्या सुमाराची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं सांगणं असं, की हट्ट आणि इच्छा वेगळ्या करा. ‘सासऱ्यांनी चिडताच कामा नये’ हा हट्ट. ‘चिडू नये असं वाटतं, पण आजारपणात माणूस चिडतो’ ही इच्छा. हट्ट सुटला की उरलेला त्रास पेलवतो. मात्र मारहाण आणि अपमान निमूट सोसणं म्हणजे स्वीकार नव्हे, हे ठामपणे सांगते.

मग कृतज्ञता. मानसशास्त्रज्ञ एमन्स आणि मॅकलॉ यांच्या २००३च्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत चांगल्या गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या; त्यांच्यापेक्षा या विद्यार्थ्यांना आयुष्याबद्दल अधिक समाधान वाटलं. लिहाल ते नेमकं लिहा. ‘शेजारी चांगले आहेत’ नको. ‘पाणी आलं तेव्हा काकूंनी आमचंही पिंप भरून ठेवलं’ असं. आणि काकूंना ते बोलूनही दाखवा.

झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा: १४४१६. सेवा मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.